केएचचा रीएजंट आणि डोसिंगचं लिक्विड एकाच माणसाकडून घेऊ नका

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातली कोरलची टाकी, सांभाळणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, खास करून जे लोक टेस्ट किटमधल्या रसायनाचा, म्हणजे रीएजंटचा, सुटा रिफिल घेतात आणि टू-पार्ट डोसिंगचं (अल्कलिनिटी आणि कॅल्शियम दोन वेगळ्या बाटल्यांतून टाकायचं) बिनब्रँडचं लिक्विड वापरतात त्यांनी तर वाचाच. मला ज्या पद्धतीने बनवलं गेलं ती इतकी बेमालूम आहे की नियमित टेस्ट करूनही पत्ता लागत नाही, उलट टेस्ट करतोय म्हणूनच खोटं खरं वाटत राहतं.

झालं असं की केएच (पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे ॲसिड पचवायची ताकद) मोजायच्या किटमधला रीएजंट संपत आला होता. ज्याच्याकडून नेहमी कोरल घ्यायचो तोच विक्रेता म्हणाला, "सर, अख्खं किट कशाला घेताय, रिफिल देतो ना मी, आणि अल्कलिनिटी-कॅल्शियमचं लिक्विडपण आमचंच वापरून बघा, फार्मा ग्रेड आहे." लेबलवर छापलेलं की 100 लिटर पाण्यात 10 मिली टाकलं की केएच 1 ने वाढतं. तोवर टाकीचं केएच 8 च्या आसपास, कॅल्शियम 430 पीपीएम, सॅलिनिटी म्हणजे खारटपणा 35, म्हणजे सगळं जागच्या जागी होतं.

नवीन लिक्विड चालू केलं आणि नवीन रिफिलने टेस्ट केली तर केएच एकदम 11! फोन केला तर म्हणे आमचं लिक्विड स्ट्राँग आहे सर, डोस कमी करा. केला कमी. मग रीडिंग हळूहळू 8 वर आलं आणि तिथेच थांबलं, म्हटलं चला, कमी लिक्विडमध्ये काम होतंय.

आता यातली मेख बघा. केएचच्या किटमध्ये रीएजंट म्हणजे रंग मिसळलेलं ॲसिड असतं. पाण्यातली अल्कलिनिटी संपेपर्यंत थेंब टाकायचे, रंग निळ्याचा पिवळा झाला की मोजायचं, बऱ्याच किटमध्ये 1 थेंब म्हणजे 1 डीकेएच (केएच मोजायचं एकक). त्या ॲसिडमध्ये कोणी पाणी घातलं तर तेवढ्याच अल्कलिनिटीसाठी जास्त थेंब लागणार, म्हणजे रीडिंग जास्त येणार. आणि त्याने लिक्विडही पातळ दिलेलं. म्हणजे पातळ लिक्विड पातळ रीएजंटने मोजायचं, आणि ते स्ट्राँग निघणार! वर डोस कमी करायचा सल्लाही त्याचाच. कुंपणानेच शेत खाल्लं तर राखण कोणाची करायची.

आकडे छान आणि टाकी मात्र खराब होत चालली. ॲक्रोपोरा कोरलच्या बुडापासून टिश्यू सुटायला लागला, खालून वर पांढरं होत जायचं, माँटीपोराची वाढणारी कड थांबली. झोअँथिडसारखे मऊ कोरल ठीक होते. त्याला फोटो पाठवले तर आधी म्हणाला लाइट जास्त आहे, मग म्हणाला ट्रेस एलिमेंट कमी पडतायत, आणि तीही बाटली गळ्यात मारली. ॲक्रोपोराच्या जवळपास सगळ्या कॉलनी गेल्या. वर्षानुवर्षं छोट्या तुकड्यापासून वाढवलेले कोरल होते हो ते, मला अजून त्याचा राग येतो.

धागा सापडला तो कॅल्शियममुळे. कॅल्शियमचं किट माझं जुनंच, सीलबंद घेतलेलं. त्यात कॅल्शियम चढत चढत 480 ला गेलं. आता कोरलचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यामुळे दोन्ही गोष्टी ठरलेल्या प्रमाणात लागतात, केएच 2.8 ने खाली आलं तर कॅल्शियम साधारण 20 पीपीएम जातं. दोन्ही पार्ट सारखे टाकतोय, केएच जागेवर आहे आणि कॅल्शियम एकटंच वर चाललंय, हे गणित बसत नाही. याचा अर्थ सरळ होता की केएचची बाजू कुठेतरी कमी पडतेय आणि मला ते दिसत नाहीये.

मग घरीच स्टँडर्ड बनवलं, हे प्रत्येकाने करून बघण्यासारखं आहे. साधा बेकिंग सोडा घ्यायचा, बेकिंग पावडर नाही. 3 ग्रॅम सोडा थोड्या डिस्टिल्ड किंवा टीडीएस (विरघळलेले क्षार) 0 असलेल्या आरओ-डीआय (फिल्टरने क्षार काढलेल्या) पाण्यात विरघळवून एकूण 1 लिटर करायचं, त्यातलं 100 मिली घेऊन पुन्हा तसल्याच पाण्याने 1 लिटर करायचं. या पाण्याचं केएच 10 असतं. किटने 10 दाखवलं पाहिजे, वजनकाट्यामुळे अर्धा-एक इकडे तिकडे चालेल. माझ्या रिफिलने दाखवलं 14! म्हणजे ज्याला मी 8 समजत होतो ते खरं पावणेसहाच्या आत होतं. नवीन सीलबंद किट आणलं, त्याने त्याच पाण्याला 10 दाखवलं आणि टाकीला 6 च्या खाली. संपला विषय.

मग लिक्विड तपासलं. लेबलच्या हिशोबाने 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात 1 मिली टाकलं की केएच 10 यायला हवं. चांगल्या किटने आलं जेमतेम 3. खरं तर हे टेस्ट न करताही कळण्यासारखं आहे, कारण लेबलवर घटक म्हणून सोडियम बायकार्बोनेट लिहिलंय. लिहिलेली ताकद यायला लिटरमागे सुमारे 300 ग्रॅम बायकार्बोनेट लागेल आणि पाण्यात ते विरघळतंच शंभरच्या आत-बाहेर, म्हणजे तो दावा कागदावरच खोटा आहे. सोडियम कार्बोनेट असतं तर लिटरला 190 ग्रॅममध्ये जमलं असतं. कॅल्शियमची बाटली तेवढी बरी निघाली.

रिफिलची बाटली नंतर उजेडात नीट बघितली. झाकणाच्या खालची सीलची रिंग नाही, एक्स्पायरीचं स्टिकर दुसऱ्या स्टिकरवर चिकटवलेलं, नखाने उचललं तर खाली वेगळीच तारीख. आणि रंग! चांगल्या रीएजंटच्या पहिल्या थेंबाला पाणी ठळक निळं होतं, याच्या थेंबाला फिकट आकाशी झाक यायची आणि शेवटीपण लख्ख पिवळा होण्याऐवजी दोन-तीन थेंब मळकट हिरवं राहायचं.

त्याला हे सगळं व्हिडिओसकट पाठवलं. आधी म्हणाला तुमची मोजण्याची पद्धत चुकतेय, मग म्हणाला बिल दाखवा, सुट्या मालाचं बिल त्याने कधी दिलंच नव्हतं, आणि मग फोन घेणं बंद.

तुमच्याकडे सुटा रिफिल असेल तर पुढचा डोस टाकायच्या आधी ते सोड्याचं पाणी बनवून तपासा. रीएजंट आणि लिक्विड वेगवेगळ्या ठिकाणहून घ्या, रीएजंट तर सीलबंदच. बाटल्या फेकू नका, लेबलचे आणि टेस्टचे फोटो काढून ठेवा, तक्रार करायची झाली तर लागतील. आणि केएच खरंच कमी निघालं तर घाईघाईने एका दिवसात 8 वर न्यायला जाऊ नका, उरलेले कोरलपण त्या झटक्याने जातात. 100 लिटरला 3 ग्रॅम बेकिंग सोड्याने केएच साधारण 1 ने वाढतं, दिवसाला त्यापेक्षा जास्त नको, तेही आरओ-डीआय पाण्यात विरघळवून पंपाच्या प्रवाहात थोडं थोडं सोडा आणि रोज ठरलेल्या वेळी नवीन किटने मोजत राहा.