कोपर्निकस ब्राउझर: घरबसल्या बारा शिग्रीचा बर्फ बघायचा असेल तर

हिमाचलमधला हम्प्ता पास ट्रेक करून छत्रूला उतरलो, तिथून बातलकडे जाताना ड्रायव्हरने चंद्रा नदीच्या पलीकडे बोट दाखवून सांगितलं की तो बारा शिग्री ग्लेशियर, आणि मला तर नुसते दगडधोंडेच दिसले. घरी आल्यावर तेच डोक्यात होतं म्हणून सॅटेलाइटचे फोटो बघायची वेबसाइट, कोपर्निकस ब्राउझर, उघडला, तेव्हापासून जवळपास दर आठवड्याला बघतोय, म्हटलं लिहूनच टाकू.

युरोपचे सेंटिनेल 2 सॅटेलाइट आहेत, 2015 पासूनचे फोटो पडलेत, सगळं फुकट. साधारण दर 5 दिवसांनी नवीन फोटो येतो. साध्या रंगाच्या फोटोत एक पिक्सेल 10 मीटरचा, म्हणजे आपल्या हिशोबाने एकेक गुंठा दिसतो. नासाचं मोडिस रोज फोटो देतं पण त्याच्या बर्फाच्या नकाशात एक पिक्सेल 500 मीटरचा, म्हणजे साठेक एकर एका ठिपक्यात, अख्ख्या हिमालयासाठी ठीक आहे, एका ग्लेशियरसाठी नाही.

खरी मजा एनडीएसआय लेयरची, म्हणजे बर्फ ओळखायच्या आकड्याची. साध्या फोटोत ढग पण पांढरा आणि बर्फ पण पांढरा, बघून बघून डोळे फुटतात. पण बर्फ हिरवा प्रकाश परत फेकतो आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) गिळून टाकतो, ढग मात्र बहुतेक वेळा दोन्ही परत फेकतात, तर या दोन बँडची वजाबाकी भागिले बेरीज केली आणि उत्तर साधारण 0.4 च्या वर आलं की तो बर्फ धरायचा. लेयर लावला की बर्फ निळा होऊन उठून दिसतो. (इन्फ्रारेड बँड 20 मीटरचा आहे, म्हणजे गुंठ्याचे चार गुंठे झाले, चालतंय.)

पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तिथला चंद्रताल तलाव पण बर्फासारखा निळा दिसतो, कारण पाण्याचा आकडाही असाच वर जातो. आणि बारा शिग्रीच्या खालच्या भागावर दगडमातीचा थर आहे, तिथे खाली बर्फ असूनही लेयर म्हणतो बर्फ नाही. म्हणजे ड्रायव्हरने दाखवलेलं मला दिसलं नव्हतं आणि सॅटेलाइटलाही दिसत नाही, जरा बरं वाटलं 😄

आता माझा शहाणपणा सांगतो. एका वर्षाचा जूनचा फोटो आणि दुसऱ्या वर्षाचा सप्टेंबरचा फोटो कंपेअरमधे शेजारी लावले आणि ट्रेकच्या ग्रुपवर टाकलं की अर्धा बर्फ गेला, संपलं सगळं! भाचा म्हणाला, मामा, गंगापूर धरण ऑगस्टमधे बघायचं, मग मेमधे बघायचं आणि म्हणायचं धरण आटलं, असं झालं हे. बरोबर होतं त्याचं. हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळाभर वितळतो आणि सप्टेंबरच्या आसपास त्याची खालची कड सगळ्यात वर सरकलेली असते, ती स्नोलाइन वर्षावर्षाची बघायची. त्यातही तारखेच्या आधी दोन दिवस नवीन बर्फ पडला असेल तर सगळं पुसलं जातं, मग मागची तारीख शोधा. जुलै-ऑगस्टमधे ढगांमुळे हाताला फार काही लागत नाही, क्लाउड कव्हरचा स्लायडर कमी करून बघायचं आणि गप बसायचं.

2015 च्या मागे जायचं तर अमेरिकेचे लँडसॅट सॅटेलाइट, 1984 पासून 30 मीटरचे फोटो आहेत. एवढे जुने फोटो हाताशी असताना दहाच वर्षांवरून वितळण्याच्या बाता मारणं मी तरी सोडलंय.

अजून एक, यात बर्फ किती पसरलाय ते कळतं, त्याची जाडी किती कमी झाली ते नाही. त्यासाठी ग्लेशियरवर बांबू रोवून मोजायला माणसं जातात, शेजारच्या छोटा शिग्री ग्लेशियरवर 2002 पासून हे चालू आहे, आणि चंद्रा खोऱ्यातल्या इतर ग्लेशियरवर गोव्याच्या वास्कोतल्या ध्रुवीय संशोधन केंद्राची माणसं जातात. समुद्रकाठचं ऑफिस आणि काम 4000 मीटरच्या वर, भारीच.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर थ्रीडी व्ह्यू लावला की फॅन घोंघावतो, तो लॅपटॉपचा दोष. पाचपैकी साडेचार. अर्धा ऑगस्टच्या ढगांचा कापलाय.