एमिदिओ पेपे मोंतेपुल्चानो द'अब्रुत्सो: बरेच महिने प्यायल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगते, घाईत प्यायची असेल तर ही इटालियन रेड वाइन घेऊ नका, पैसे वाया जातील. गेल्या हिवाळ्यात 2015 च्या द्राक्षांच्या काही बाटल्या एकदम घेतल्या, तेव्हापासून अधूनमधून एकेक उघडतोय, मध्ये मित्रमंडळींनी कॉन्ट्री काढून 2001 ची एक बाटली पण आणली, त्यामुळे आता हिच्याबद्दल ठामपणे बोलता येईल असं वाटतं. आम्ही म्युनिकला राहतो, बिल्डिंगच्या तळघरात प्रत्येक फ्लॅटला छोटी खोली असते आणि तिथे उन्हाळ्यातही गारवा असतो, म्हणून साठवायची चिंता नव्हती.

2015 उघडली की पहिला अर्धा तास नाक मुरडायला होतं. तबेला, ओलं चामडं, मागे कुठेतरी गंधकाची झाक, आणि रंग इतका गडद की ग्लासमागचं बोट दिसत नाही. ओतून टाकू नका! ही वाइन लाकडात ठेवतच नाहीत, आतून काचेचा थर दिलेल्या सिमेंटच्या टाक्यांत ठेवतात, गाळतही नाहीत, तिला हवा कमीच मिळालेली असते आणि ती मिळाली की हा वास उडून जातो. मी सकाळीच बूच काढून ठेवते, संध्याकाळी आंबट चेरी, वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, थोडी ओली माती असं एकेक बाहेर यायला लागतं. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरटपणा, भरपूर आहे, कच्ची सुपारी चघळल्यावर जीभ आवळते ना, तस्संच. पण उरलेली अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी परत खोलीच्या तापमानाला आणून प्यायली तर तेच टॅनिन मऊ झालेलं असतं, मला तर दुसऱ्या दिवसाचीच जास्त आवडते.

2001 चं प्रकरण वेगळंच. कडेला विटकरी रंग, तंबाखू, सुकं अंजीर, मशरूम, आणि एवढ्या वर्षांनीही आंबटपणा जिवंत, त्यामुळे कुठे थकल्यासारखी लागत नाही. त्या रात्री टेबलवर बाकीच्या बाटल्यांकडे कुणी बघितलंच नाही.

हे असं का होतं ते ही वाइन बनवणाऱ्या पेपे कुटुंबाची पद्धत कळली की समजतं. गाव तोरानो नुओवो, इटलीतल्या अब्रुत्सो प्रांताच्या तेरामो जिल्ह्यात, एका बाजूला ग्रान सास्सोचे डोंगर, दुसरीकडे एड्रियाटिक समुद्र, म्हणजे दिवसा ऊन आणि रात्री डोंगरावरून गार वारा. द्राक्ष मोंतेपुल्चानो, जाड सालीचं आणि उशिरा पिकणारं. 1964 मध्ये एमिदिओ पेपेंनी स्वतःच्या नावाने बाटल्या भरायला सुरुवात केली तेव्हा या भागातली वाइन स्वस्तातली समजायचे, बरीचशी टँकरने उत्तरेकडे जायची, तिकडच्या फिक्या वाइनला रंग आणि जोर द्यायला. आणि हा माणूस म्हणतोय की ही पंचवीस-तीस वर्षं टिकेल, आणि नुसतं म्हणून थांबला नाही, दरवर्षी विकायच्या बाटल्यांतल्या बऱ्याचशा तळघरात आडव्या ठेवत गेला! घरखर्च चालवायचा आणि माल मात्र दाबून ठेवायचा, याला किती धीर लागत असेल.

कामं अजून हातानेच. लाल वाइनची द्राक्षं जाळीवर हाताने घासतात, दाणे खाली पडतात, देठ वर राहतात, त्यामुळे देठाचा कडवटपणा उतरत नाही. त्यांच्या पांढऱ्या वाइनची त्रेब्बियानो द्राक्षं पायाने तुडवतात. आंबवायला बाहेरचं यीस्ट घालत नाहीत. मला सगळ्यात भारी वाटतं ते जुन्या बाटल्यांचं काम, विकायच्या आधी प्रत्येक बाटली उघडून वाइन हाताने हळूच नव्या बाटलीत ओततात, गाळ जुन्या बाटलीत राहतो आणि नवीन बूच लागतं. वर्षानुवर्षं हे काम एमिदिओंच्या पत्नी रोझा यांनी केलं. पुढे दानिएला आणि सोफिया या मुलींनी सूत्रं घेतली आणि आता नात कियारा आहे. तिसऱ्या पिढीतही टाक्या काढून नव्या ओकच्या पिंपांचा मोह झाला नाही याचं मला खरंच कौतुक आहे. ओकमुळे येणाऱ्या व्हॅनिलाच्या वासाची गोडसर रेड आवडत असेल तर मात्र ही तुमची वाइन नाही.

जेवणाबरोबर. तिकडे अरोस्तिचिनी खातात, मेंढीच्या मटणाचे बारीक तुकडे काडीला लावून निखाऱ्यावर भाजायचे आणि वर फक्त मीठ, हे कॉम्बिनेशन अफलातून आहे, चरबी टॅनिनला शांत करते. आपल्या जेवणात तिखटाशी हिचं अजिबात जमत नाही, झणझणीत रश्शाबरोबर टॅनिन अजून कडक लागतं आणि अल्कोहोल घशाला जाळतं. पण भरली वांगी, दाण्याचं कूट आणि तीळ सढळ हाताने, गोडा मसाला आणि तिखट नावाला, याच्याबरोबर जी काही लागते! मसाल्यातलं दगडफूल आणि वाइनमधला मातकटपणा एकमेकांना धरून चालतात. सुकं मटणही चालेल, मिरची कमी ठेवा. गूळ मात्र भाजीत घालू नका, वाइन आंबट लागायला लागते.

किंमत जास्त आहे, रोज प्यायची बाटली नाहीच ही, आणि जुन्या वर्षांच्या बाटल्या तर खिशाला चांगलीच चाट देतात. त्यात घेताना दुकान बघून घ्या. मी जुलैमध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एक मागवली, पार्सल दिवसभर उन्हात तापलं, बूच वर सरकलेलं आणि वाइन शिजल्यासारखी लागली, त्यांनी पैसेही परत दिले नाहीत. वाइन टिकवणारं सल्फाइट वरून घातलेलं नसल्यामुळे उष्णता हिला जास्तच बाधते, तेव्हा ऑक्टोबर ते मार्च याच काळात मागवायची.

पुण्याला जाताना आईबाबांसाठी नेली होती. माणशी दोन लिटरपर्यंत मद्य ड्युटी न भरता नेता येतं, म्हणजे दोन बाटल्या आरामात बसतात, चेक-इन बॅगेत जाड कपड्यांत गुंडाळून. पोचल्यावर लगेच उघडू नका, आठ-दहा दिवस थंड जागी उभी ठेवा म्हणजे हललेला गाळ खाली बसेल, मग शेवटचा घोट बाटलीतच सोडून ओता. माझ्याकडे 2015 च्या दोन उरल्यात, त्या 2030 च्या आत उघडायच्या नाहीत असं नवऱ्याला बजावलंय.