पिंगुळीचा गोठा: चित्रकारांनी चुकवू नये

कुडाळ स्टेशनवरून रिक्षा केली की पिंगुळी-गुढीपूर फार लांब नाही. तिथलं 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय परशुराम गंगावणे (पद्मश्री, २०२१) यांनी घरच्या गोठ्यातच उभं केलंय.

मी पुण्यात बसून मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. गावाकडे जाऊन 'प्रेरणा' घेणाऱ्या आम्हा मंडळींची मला जरा चीडच आहे. निसर्ग बघायचा, चार फोटो काढायचे आणि परत. इथे मात्र कलाकार त्याच गावचा, प्रेक्षकही तिथलाच. नवरात्रात देवळात रामायण-महाभारतातली आख्यानं लावायची, ही सावंतवाडी संस्थानाच्या काळापासूनची रीत.

चित्रकथी म्हणजे एकेक चित्र दाखवत आख्यान सांगायची कला, आणि त्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. ती जवळून बघा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की कथा पुढे. चेहरे एका बाजूने, डोळे टपोरे, रेघ जाड. का, ते कथा ऐकताना कळतं: मागच्या रांगेतल्यालाही दिसायला हवं ना! आमच्या स्क्रीनवरच्या नाजूक रेघा तिथे पार हरवतील. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही आहेत, पण माझा जीव पोथ्यांतच अडकला.

पाचपैकी पाच. खेळ बघायचा असेल तर आधी फोन करून विचारा आणि निवांत वेळ ठेवा. नुसतं रील काढून पळायचं असेल, तर मालवणचा किनारा आहेच.