बोर्दोची २०१४ की २०१५? दोनच बाटल्या आणायच्या असतील तर

लंडनहून डिसेंबरात येणाऱ्या भाच्याचा फोन आला. "मामा, बोर्दो कोणती आणू? दुकानदार म्हणतोय डोळे झाकून २०१५ घ्या." बोर्दो म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातली रेड वाइन, आणि साल म्हणजे तिची द्राक्षं काढली ते वर्ष. डोळे झाकून घ्यायची सोय नाही, कारण ड्यूटी न भरता माणशी दोनच लिटर आणता येतात. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बसतात; तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतात.

माझा कौल चौदाला. पण पंधराची बाजूही पोकळ नाही.

नाशिककडच्या बागाईतदाराला यातली गोम लगेच कळेल. काढणीच्या तोंडावर आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो, तसंच तिकडचं. बोर्दोत काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. २०११ ते २०१३ ही तीन वर्षं आधीच बेताची गेलेली, त्यात तेरा तर अगदीच पडेल. आणि २०१४चा ऑगस्टही थंड, ढगाळ निघाला. लोकांनी आशा सोडली असेल-नसेल, तोच सप्टेंबर कोरडा आणि उबदार उजाडला, आणि ऑक्टोबरातही उन्हाने दगा दिला नाही. उशिरा पिकणाऱ्या काबर्ने सोव्हिन्यॉन या द्राक्षाला सावकाश पिकायला मिळालं. त्यामुळे चौदात आंबटपणा ताजा राहिला, तुरटपणाला कणा आला.

पंधराचे जून-जुलै कडक उन्हाचे. ऑगस्टच्या पावसाने वेलींना दिलासा दिला, पण सप्टेंबरातल्या सरी बोर्दोतल्याच मेदोक पट्ट्याच्या उत्तरेला, म्हणजे सँतेस्तेफ-पोइयाकच्या बाजूला, जास्त पडल्या. दक्षिणेकडचं मारगो आणि नदीपल्याडची सँतेमिलियों, पोमरोल ही गावं बरीचशी वाचली. म्हणून 'पंधरा भारी' हे अर्धंच खरं. लेबलवर साल वाचलंत तसं गावही वाचा. सँतेस्तेफची बाटली असेल तर मी चौदा उचलेन, मारगोची असेल तर पंधरा.

मग चौदाचं नाव का झालं नाही? मागून आली नि तिखट झाली, असा प्रकार. पाठोपाठ पंधरा आणि सोळा ही दोन देखणी वर्षं आली आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. पंधराला तर एक हळवी किनारही आहे. शातो मारगो या वाइन करणाऱ्या नामांकित घराचा कारभार अनेक वर्षं सांभाळणारे पॉल पोंतालिए मार्च २०१६मध्ये गेले, आणि त्या घराने आपली पंधराची वाइन त्यांच्या स्मरणार्थ सोनेरी छपाईच्या खास बाटलीत भरली. ती आपल्या खिशातली नव्हे, पण अशा गोष्टींनी सालाचा भाव वधारतो. चौदाला असं काही लाभलं नाही, ते गिऱ्हाइकाच्या पथ्यावरच पडलं.

चवीचं म्हणाल तर पंधरा पहिल्याच घोटात आवडते. पिकलेल्या आलुबुखारासारखी, गोलसर, तुरटपणा मखमली. पाहुण्यांपैकी निम्मे रेड वाइन पहिल्यांदाच पिणार असतील तर बेलाशक हीच उघडा. चौदा आधी जरा अंग चोरून असते. तासभर डिकॅन्टरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या काचेच्या सुरईत, ठेवली की ब्लॅककरंटसारखा, थोडा पेन्सिलच्या शिशासारखा वास येतो, आणि जेवताना ती खरी खुलते. तिचा आंबटपणा मटणाची चरबी कापतो. तांबड्या रश्शाबरोबर मात्र दोन्हीही नकोत. तिखटाने तुरटपणा जास्तच बोचतो. तिथे थंडगार बिअर बरी. अळणी मटण, वर तूप आणि मिरपूड, त्याबरोबर चौदा घेऊन बघा.

एक सावधगिरी. स्वस्तातली, नुसतं 'बोर्दो' लिहिलेली चौदा आता घेऊ नका. दहा वर्षांहून जास्त टिकायला ती केलेलीच नसते, आणि पंधराच्या तशा बाटल्यांचंही तेच. सँतेस्तेफचं शातो मेने किंवा फेलाँ सेग्युर या पातळीपासून सुरुवात करा. पंधरात मारगोची रोझाँ-सेगला किंवा ब्रान-काँतनाक मिळाली तर भाच्याला अडवू नका, फक्त भाव विचारायला लावा.

आणि पुण्यात आल्यावर बाटली स्वयंपाकघराच्या माळ्यावर टाकू नका. मे महिन्यात तिथे वाइन शिजते. थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवा म्हणजे कॉर्क सुकत नाही, आणि प्यायच्या आदल्या दिवशी उभी करा, गाळ तळाशी बसेल. वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण ती फ्रान्समधली जुनी, गार खोली. आपल्याकडे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच काढा.

भाच्याला सांगितलंय, एक चौदा सँतेस्तेफची, एक पंधरा मारगोची. पंधरा ताईच्या घरी पाहुण्यांसाठी उघडायची. चौदा माझ्याकडे राहील.