पायात रक्ताची गुठळी: लसूण, हळद, अर्जुन की गोळी?

इंदूरच्या मराठी घरांत कुणाच्या पायाच्या शिरेत गुठळी निघाली, की सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती पडायच्या आत सल्ले येऊन पोचतात. सियागंज बाजारातून अर्जुनाची साल आणा, उपाशीपोटी लसूण खा, रात्री हळदीचं दूध घ्या. आणि डॉक्टरांनी तर रक्त गोठू न देणारी गोळी लिहून दिलेली असते.

या झाडपाल्यात खरा दम लसणात. ठेचलेल्या लसणापासून तयार होणारं अजोइन हे द्रव्य प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटू देत नाही, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण प्लेटलेटचा जोर मुख्यतः धमन्यांतल्या, म्हणजे हृदयाच्या-मेंदूच्या गुठळीत असतो. पायाच्या शिरेतली गुठळी बव्हंशी फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांच्या जाळ्यातून बनते. तिथे मंदसौरचा कितीही तिखट लसूण आणा, नेम चुकलेलाच. हळद आणि आल्याचं तेच, शिवाय हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. अर्जुन हृदयासाठी वापरतात, गुठळीसाठी नव्हे.

गोळीची जन्मकथा मात्र गोठ्यातली आहे. 1920च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. त्यातलं द्रव्य अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने शोधलं, त्यावरून वॉरफरिन बनलं, 1948 साली ते उंदीर मारायला विकलं गेलं आणि 1954पासून माणसांना मिळू लागलं. म्हणजे हीसुद्धा वनस्पतीचीच देणगी, फक्त मोजता येणारी: आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, सहसा 2 ते 3च्या मध्ये ठेवायचा. सालीच्या काढ्याला असं माप कुठून आणणार?

वॉरफरिन किंवा त्याच जातीची ॲसिट्रोम स्वस्त, पण रक्ततपासणीच्या फेऱ्या आल्या. रिव्हारॉक्सॅबान, ॲपिक्सॅबान या नव्या गोळ्या त्या मानाने महाग. त्यांना आयएनआर लागत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. हृदयात धातूची झडप बसवली असेल तर नव्या गोळ्या चालत नाहीत. उपचार साधारण किमान तीन महिने. गोळी गुठळी विरघळवत नाही, वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर करतं.

‘दोन्ही घेऊ, बिघडतं काय?’ हा पर्याय सगळ्यात वाईट. गोळीवर लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल चढवल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. फोडणीतला लसूण, भाजीतली हळद खुशाल चालू द्या. ॲसिट्रोमवर असाल तर मेथी-पालक बंद करू नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर काढाही नको आणि उद्याची अपॉइंटमेंटही नको, तडक इमर्जन्सीत जा.