‘खडे वजा ०.४ ग्रॅम’

गेल्या वर्षी वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी पैशांची निकड होती, म्हणून आईच्या सात-सात खड्यांच्या हिऱ्याच्या कुड्या आम्ही बेळगावातील एका पेढीवर मोडल्या. सराफाने आमच्यासमोरच चौदाही खडे काढले, ते वेगळे तोलले, आणि ‘खडे वजा ०.४ ग्रॅम’ असे म्हणून उरलेल्या सोन्याचा २२ कॅरेटप्रमाणे चोख हिशेब केला. जुन्या खड्यांना किंमत येत नाही, असे सांगत त्याने ते पुडीत बांधून आपल्याकडेच ठेवले. चिठ्ठी कन्नडमध्ये होती आणि तिच्यावर नुसते ‘हरळु’, म्हणजे खडे, असे लिहिले होते. हिऱ्याचा उल्लेख कुठेही नव्हता. सोन्याचा भाव बरोबर मिळाल्यामुळे आम्हाला संशयच आला नाही.

दोन महिन्यांनी भाचीची अंगठी घ्यायला कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, गेलो, तेव्हा पावतीवर सोने ग्रॅममध्ये आणि हिरा कॅरेटमध्ये लिहिलेला पाहून मी कारण विचारले. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, आणि १ कॅरेट म्हणजे अवघे ०.२ ग्रॅम, हे मला तिथे कळले. म्हणजे आम्ही क्षुल्लक समजून सोडून दिलेले ०.४ ग्रॅम हे २ कॅरेट हिरे होते.

शेजारीपाजारी समजतात तसे त्यांचे मोल २ कॅरेटच्या एका हिऱ्याइतके नव्हते, हेही सांगितले पाहिजे. खडा मोठा असेल तसा दर कॅरेटचा भावच चढत जातो. आमचा एकेक खडा सुमारे ०.१४ कॅरेटचा होता, शिवाय पैलू जुन्या पद्धतीचे होते. खरेदी करतानाही ‘१ कॅरेट’ हे एका खड्याचे वजन आहे की सगळ्या खड्यांचे मिळून, हे पावतीवर लिहून घ्यावे. हॉलमार्कवर विसंबू नये, कारण तो सोन्याची शुद्धता सांगतो, हिऱ्याची नाही.

पेढीवर परत गेलो, तर ते खडे काचेचे होते, असे उत्तर मिळाले. आमच्याकडे ना फोटो होता, ना प्रयोगशाळेचा दाखला. त्या दिवशी खडे मोजून, कॅरेटमध्ये वजन लिहून घेऊन पुडी परत मागितली असती, तर कुठेही तपासता आली असती.

पुढे आजीच्या वहीत ‘कुड्यांचे हिरे, सव्वातीन गुंजा’ अशी नोंद सापडली. ९६ गुंजांचा जुना तोळा (सुमारे ११.६६ ग्रॅम) धरला, तर हे वजन ०.४ ग्रॅमच्या जवळ येते. ते पान आणि ती चिठ्ठी जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करत आहोत. दोन वर्षांची मुदत अजून संपलेली नाही.