उर्दू वाचायची, पण कुठल्या लिपीत?

गझला ऐकून कान तयार झालेत, अर्थ बऱ्यापैकी लागतो, आणि आता उर्दू वाचावीशी वाटते. अभ्यास म्हणून नव्हे. झोपण्याआधी मराठी कथा हातात घेतो तशी. अशा माणसापुढे पहिल्याच दिवशी प्रश्न येतो: देवनागरीतली उर्दू पुस्तकं घ्यावीत, की नस्तालीक लिपी शिकून मूळ पुस्तकंच उघडावीत? मी चार वर्षं पहिली वाट चाललो आणि गेली तीन वर्षं दुसऱ्या वाटेवर आहे, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो. रोमन लिपीचा विचार मी केला नाही. दोन ओळींचा शेर त्यात चालतो, पानभर गद्य वाचताना जीव थकतो.

देवनागरीचं देणं मोठं आहे. पुस्तक आणलं त्याच रात्री वाचायला बसता येतं. 2013 मध्ये सुरू झालेल्या रेख्ताच्या संकेतस्थळावर एकच गझल देवनागरीत, उर्दू लिपीत आणि रोमनमध्ये दिसते, शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो. वाचनाची सवय लागायची तर गोष्ट संपली पाहिजे, आणि देवनागरीत गोष्टी संपतात. पहिल्या वर्षात मी जेवढ्या कथा वाचल्या, तेवढ्या नस्तालीकमध्ये अजून झालेल्या नाहीत. ज्याला आठवड्यातून तासभरच मिळतो, त्याला मी लिपीच्या मागे लाग असं सांगणार नाही.

उणिवा आहेत, पण सहन होण्यासारख्या. नुक्ते, म्हणजे 'ज़', 'फ़' यांखालची टिंबं, बरेचदा गळतात. शिवाय उर्दूत वेगळ्या अक्षरांनी लिहिले जाणारे शब्द देवनागरीत एकसारखे दिसतात. 'सदा' म्हणजे नेहमी की हाक, 'आम' म्हणजे आंबा की सर्वसामान्य, 'सफर' म्हणजे प्रवास की इस्लामी वर्षातला दुसरा महिना, हे मागच्यापुढच्या शब्दांवरून ठरवावं लागतं. ते ठरवता येतं.

मला जे सहन होईना ते वेगळंच होतं. ते फक्त मराठी माणसालाच जाणवेल, असं मला वाटतं.

एका कथेत दोन भावांचा जमिनीवरून वाद चाललेला. शेवटाकडे वाक्य आलं, दोघांमध्ये राजीनामा झाला. मी पुढचं अर्धं पान कोणी कुठली नोकरी सोडली हे शोधत वाचलं. उर्दूत राजीनामा म्हणजे समझोत्याचा कागद. नोकरी सोडण्याला तिथे इस्तीफा म्हणतात. त्यानंतर लक्षात यायला लागलं की असं रोज घडतंय. 'शिकस्त' दिसलं की माझ्या मनात शिकस्तीचे प्रयत्न येत, आणि वाक्यात कुणीतरी हरलेलं असे. 'खुलासा' म्हणजे मला स्पष्टीकरण, उर्दूत सारांश. 'तकरार' म्हटलं की मला पोलीस ठाणं दिसे, तिथे दोन प्रेमी लटकं भांडत असत. 'मजकूर' माझ्यासाठी छापलेली ओळ, त्यांच्यासाठी 'ज्याचा उल्लेख झाला तो'. यातले बरेच अर्थ मला ठाऊक होते. तरी डोळा आधी मराठी अर्थ उचलायचा, मन मागून येऊन दुरुस्ती करायचं. आनंदासाठी वाचताना दर दहा ओळींना अशी दुरुस्ती करावी लागली की गोष्टीतला माणूस लांब जातो.

हे आपल्याच वाट्याला जास्त का येतं, तेही उघड आहे. फार्सी-अरबी शब्द आपल्याकडे कित्येक शतकं दरबारातून आणि दफ्तरातून आले. त्यांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश शिवाजी महाराजांनी करवून घेतला, इतके ते कारभारात मुरले होते. ते आपल्या घरात राहिले, त्यांचे स्वभाव बदलले, आणि आता देवनागरीत समोर आले की घरचेच वाटतात. मी उर्दू वाचतोय असं मला वाटत होतं. बराच वेळ मी मराठीच वाचत होतो.

नस्तालीक शिकलो तेव्हा हे एका झटक्यात गेलं असं नाही. पण शब्द अनोळखी चेहऱ्यानं यायला लागले. एकेक अक्षर जुळवत 'राज़ीनामा'पर्यंत पोचलो तेव्हा त्यात 'ज़्वाद' दिसला, 'ज़' उच्चाराच्या अनेक उर्दू अक्षरांपैकी एक. तोच ज़्वाद 'राज़ी'त, 'मर्ज़ी'त आणि 'रज़ा'त. रजा म्हणजे आधी संमती, मग सुट्टी. गुपित या अर्थाचा 'राज़' मात्र 'ज़े' या दुसऱ्या अक्षरानं लिहितात, त्याचा या कुळाशी संबंध नाही. हे सगळं अक्षरांतच लिहिलेलं होतं, आणि देवनागरीनं ते एका 'ज'मध्ये गुंडाळून ठेवलं होतं. दुसरं उदाहरण तालमीचं. आपली तालीम म्हणजे आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत लिहिलेल्या 'तालीम'मध्ये ऐन, लाम, मीम दिसतात. इल्म, आलिम, मालूम यांतही तेच तिघे. ज्ञान, ज्ञानी, ज्ञात, आणि ज्ञान देणं. देवनागरीत 'इल्म' आणि 'तालीम' शेजारी ठेवून बघा, नातं दिसतच नाही. मला तर त्या दिवसापासून शब्दार्थ पाठ करावे लागेनासे झाले. डोळ्याला एक घर ओळखू आलं की त्यातली माणसं आपोआप ओळखीची होतात.

आता नस्तालीकचा त्रासही सांगायला हवा, कारण तो खरा आहे. ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत. 'इस' आणि 'उस' दोन्ही अलिफ-सीन. 'क्या' आणि 'किया' सारखेच, 'में' आणि 'मैं' सारखेच. मीम-लाम-काफ म्हणजे मुल्क, मलिक किंवा मलक, तुम्हीच ठरवा. शब्द पायऱ्या उतरल्यासारखे उजवीकडून डावीकडे खाली येतात, त्यात एखादा नुक्ता कुठल्या अक्षराचा हे सुरुवातीला कळत नाही. मला सलग पान वाचायला आठ महिने लागले. तुमचा कान माझ्यापेक्षा तयार असेल तर कमी लागतील. ही लिपी बरीचशी आठवणीनं वाचायची आहे: जो शब्द कानावरून गेलाय तो डोळा पटकन पकडतो, जो ऐकलेलाच नाही तिथे अडतो. गाण्यांवर वाढलेल्या माणसाची ही जमेची बाजू आहे.

म्हणून सुरुवात पाठ असलेल्या गझलेपासून करावी असं मी म्हणेन. शब्द आधीच ठाऊक असले की सगळं लक्ष आकारांवर राहतं. त्याच्या जोडीला बालभारतीची उर्दू माध्यमाची पुस्तकं आहेत. ती त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. पहिली-दुसरीच्या पुस्तकांत अक्षर मोठं, वाक्यं छोटी, आणि प्रसंग आपल्याच महाराष्ट्रातले. त्यानंतर राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचं 'बच्चों की दुनिया' हे मुलांचं मासिक मी महिनोन्महिने वाचलं आणि त्यात मला कधीही कमीपणा वाटला नाही. एक खबरदारी मात्र घ्या. जुनी, हातानं लिहून शिळाप्रेसवर छापलेली पुस्तकं पहिल्या वर्षी उघडू नका. 1981 मध्ये नूरी नस्तालीक हा टंक संगणकावर येईपर्यंत वर्तमानपत्रंसुद्धा कातिब, म्हणजे सुलेखनकार, हातानं लिहीत असत. ते अक्षर सुंदर असतं, पण दाट असतं. अडलेल्या शब्दासाठी श्रीपाद जोशी यांचा उर्दू-मराठी शब्दकोश जवळ असू द्या. हिंदीमार्गे जाणारा वळसा त्यानं वाचतो.

गझलेपुरतंच वाचायचं असेल तर देवनागरी पुरेशी आहे, बहुधा. शेर छोटा असतो, तळटिपेकडे नजर टाकून परत येता येतं. पण कथा, आत्मचरित्रं, पत्रं वाचायची असतील, आणि रोजची वीस मिनिटं काढता येत असतील, तर मी एक वर्ष लिपीला देईन. माझ्या उशाशी आज दोन्ही आहेत. दमून आलेल्या रात्री हात अजून देवनागरीतल्या पुस्तकाकडे जातो. पण गेल्या महिन्यात मी मूळ पुस्तकातली पंचवीस पानांची कथा एका बैठकीत वाचली, 'इस' आणि 'उस'पाशी तीनदा मागे जाऊन. त्यात 'शिकस्त' हा शब्द आला तेव्हा तो माणूस हरलेलाच दिसला, पहिल्याच नजरेत.